सेतू आणि कावड

संतचरित्रांतील आख्यायिका वर्गात शिकविणाऱ्याला एक सोय असते. आख्यायिकेतील प्रसंग कितीही कठीण असला, तरी तो आपल्यावर आलेला नसतो. आपण केवळ त्याचा अन्वय लावावयाचा असतो, आणि अन्वय लावताना घाम येत नाही. एकनाथांच्या कावडीची कथा गेली सोळा वर्षे मी संतसाहित्याच्या वर्गात अशीच, घाम न येता शिकवीत आले. २०२४ च्या मे महिन्यात रामेश्वराला जाताना पांबनचा पूल मी पायी ओलांडला, आणि त्या पुलावर या कथेने मला गाठले. त्यानंतर ती पूर्वीसारखी शिकविणे मला जमलेले नाही. ते का जमत नाही, हे स्वतःशी स्पष्ट करून घेण्यासाठी हे लेखन.

कथा सर्वपरिचित आहे. काशीचे गंगोदक कावडीने रामेश्वरास न्यावे आणि तेथील शिवलिंगावर घालावे, ही जुनी यात्रारीत. नाथ ती कावड खांद्यावर घेऊन शेकडो कोस चालत आले. यात्रा संपत आली असता तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे एक गाढव त्यांना दिसले आणि त्यांनी ते पाणी त्याच्या मुखात ओतले. बरोबरचे यात्रेकरू हळहळले. नाथांच्या दृष्टीने मात्र अभिषेक झाला होता. संतांच्या अशा कथा मराठी मनात घरोघर रुजल्या, त्याचे मोठे श्रेय महीपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांना आणि त्यांवर पोसलेल्या कीर्तनपरंपरेला द्यावे लागते. सांगणाऱ्यागणिक कथेचे तपशील थोडेफार बदलतात. गाढव मात्र बदलत नाही. ही कथा सांगून झाली की मी फळ्यावर तीन मुद्दे लिहीत असे : भूतदया, अद्वैताचे आचरणातील रूप, आणि कर्मकांडाची मर्यादा. विद्यार्थी ते उतरवून घेत. परीक्षेत ते मुद्दे जसेच्या तसे परत येत.

आमच्या देवघरात चौदा वर्षे एक तांब्याचा गडू होता. २०१० साली आई गावातल्या बायकांबरोबर काशीला गेली, तेव्हा तिने तो आणला. आत गंगाजल, तोंड झाळून बंद केलेले. काशी झाली म्हणजे अर्धी यात्रा झाली. ते पाणी रामेश्वराला घालून, तेथील वाळू प्रयागला त्रिवेणीत सोडली म्हणजे ती पूर्ण होते, असा आमच्याकडचा क्रम. रामेश्वराला ‘पुढच्या वर्षी’ जावयाचे होते. त्या पुढच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि आठ वर्षे तसेच राहिले. त्यानंतर आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. दर दिवाळीला गडू चिंचेने घासून लख्ख केला जाई आणि पुन्हा देवांच्या उजव्या हाताला ठेवला जाई. आईने त्याविषयी कधी तक्रार केली नाही. पण घासताना तिचा हात जरा जास्त वेळ त्यावर फिरे, हे मी पाहत होते.

गेल्या काही वर्षांत तिने स्वतःच तो विषय संपविला. “आता तूच ने,” ती म्हणाली. “पण सेतू तेवढा पायी ओलांड.”

मी कारण विचारले. ती म्हणाली, “काशीला गेले ती बसून, आले ती बसून. मला तो पूल गाडीच्या खिडकीतून तरी बघायचा होता, तर आता गाडीही बंद झाली म्हणतात. कोणीतरी थोडं चालायला हवं ना?”

गाडी बंद झाली होती हे खरे. पांबनच्या जुन्या रेल्वेपुलावरील वाहतूक २३ डिसेंबर २०२२ पासून थांबविण्यात आली होती आणि शेजारी नवा पूल उभा राहत होता. त्यामुळे मदुराईहून बसने जाऊन मंडपम् येथे उतरावयाचे आणि तेथून मोटाररस्त्याच्या पुलावरून चालत पांबन बेटावर पोहोचावयाचे, असे मी ठरविले. गडू एका जाड पंचात गुंडाळून खांद्याच्या झोळीत ठेवला होता. मंडपम् ला उतरताना कंडक्टरने हाताने पुढे, रामेश्वराकडे खूण केली. मीही हातानेच ‘चालत’ असे सांगितले. त्याने एकदा सूर्याकडे पाहिले आणि घंटी वाजविली. सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. पहाटेची बस चुकल्याचा परिणाम पुढे भोगावा लागणार होता.

मंडपम् हे मुख्य भूमीचे टोक. तेथून पांबन बेटापर्यंत उथळ समुद्राचा एक चिंचोळा पट्टा आहे. त्याच्या एका अंगाला पाल्कचा उपसागर आणि दुसऱ्या अंगाला मन्नारचे आखात. या पट्ट्यावरील मोटाररस्त्याचा पूल २ ऑक्टोबर १९८८ रोजी खुला झाला. त्याला इंदिरा गांधींचे नाव आहे. लांबी सुमारे २.३ किलोमीटर. खालून बोटी जाता याव्यात म्हणून तो मध्यभागी उंच उचललेला आहे. त्यामुळे पायी जाणाऱ्याला तो प्रथम चढाव वाटतो. आपण समुद्र ओलांडत नसून एखादी सिमेंटची टेकडी चढत आहोत असा भास होतो. कडेला अरुंद पदपथ आहे. वारा इतका की झोळी सतत पाठीवरून पोटाकडे येई आणि गडू बरगडीवर आपटे. दहा मिनिटांनंतर मी तो पोटाशीच धरला.

चढण संपता संपता दोन्ही अंगांचे पाणी एकदम दिसू लागते. त्याच्या रंगांना मराठीत नेमकी नावे शोधण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. मोरपंखी, निळसर, पोपटी हे शब्द वस्त्रांच्या दुकानातले वाटू लागले. खाली किनाऱ्याशी मासेमारी होड्यांची दाटी, पलीकडे बेटावरील माडांची रेघ, आणि बाजूला, पाण्याच्या अगदी जवळून, जुना रेल्वेपूल. पुलाच्या माथ्यावर मोटारी थांबलेल्या होत्या. यात्रेकरू कठड्याला टेकून छायाचित्रे काढीत होते. त्या सर्वांचे तोंड जुन्या पुलाकडे होते. ज्या पुलावर आपण उभे आहोत, त्याकडे पाहावे असे कोणालाच वाटत नव्हते. आपल्याला उचलून धरणाऱ्या गोष्टींकडे आपले लक्ष नसतेच.

जुना पूल खरोखर पाहण्यासारखा होता. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो खुला झाला. भारतातील समुद्रावरचा हा पहिला पूल. दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांब, जवळजवळ दीडशे कमी उंचीच्या खांबांवर टेकलेला, आणि मध्ये जहाजांना वाट देण्यासाठी दोन पाकळ्यांसारखा उघडणारा भाग. ती पाने वर उचलण्यासाठी माणसे दांडे फिरवीत असत. एके काळी गाड्या या पुलावरून धनुष्कोडीपर्यंत जात. तेथून बोटीने सिलोनच्या तलैमन्नारला उतरता येई. १९६४ च्या डिसेंबरात, २२ आणि २३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले. गावाच्या वेशीशी आलेली प्रवासी गाडी आतल्या माणसांसह समुद्राने ओढून नेली. पुलाचे बहुसंख्य गर्डर वाहून गेले. मधला उघडणारा भाग तेवढा उभा राहिला. पुढे कोकण रेल्वेमुळे मराठी माणसाला परिचित झालेले ई. श्रीधरन् त्या वेळी तरुण अभियंता होते. त्यांच्या देखरेखीखाली हा पूल ४६ दिवसांत पुन्हा जोडला गेला. तरीही त्या पुलाचा अखेरपर्यंतचा नियम असा, की वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला म्हणजे गाडी थांबवावयाची. वादळाला विचारल्याशिवाय कोणी पाऊल टाकावयाचे नाही, अशी ती समुद्राशी केलेली तडजोड होती. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा मधला ७२.५ मीटरांचा भाग आता पाकळ्यांसारखा न उघडता पाळण्यासारखा सरळ वर जातो. मी गेले तेव्हा त्याचे काम चालू होते, आणि जुना पूल त्याच्याशेजारी रिकामा होता.

मराठीच्या अभ्यासकाला या ठिकाणी आणखी एक पूल दिसतो. सेतुबंधनावरील एक श्रेष्ठ काव्य आपल्या भाषेच्या पूर्वपीठिकेत आहे. विदर्भातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर असलेले पाचव्या शतकातील ‘सेतुबंध’ अथवा ‘रावणवहो’ हे पंधरा आश्वासांचे महाकाव्य माहाराष्ट्री प्राकृतात रचलेले आहे. माहाराष्ट्री ही उत्कृष्ट प्राकृत होय असे सांगताना दंडीने ‘काव्यादर्शा’त याच काव्याकडे बोट दाखविले. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या राजधानीत हा समुद्र शब्दांत उभा राहिला, याचे मला विद्यार्थिदशेपासून नवल वाटत आले आहे. त्या काव्यातील एक गोष्ट पुलाच्या माथ्यावर उभे असताना मला आठवली. वानर पर्वत उपटून आणतात आणि समुद्रात फेकतात. पण समुद्र ते गिळून टाकतो. केवळ मोठ्या वस्तू आणून टाकल्याने सेतू होत नाही. मग नल पुढे येतो आणि बांधू लागतो. बळ आधी थकते आणि मगच कौशल्याला वाट मिळते, असे काहीसे मी मनाशी जुळवीत होते. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानात हे सांगता येईल, असाही विचार आला. अध्यापकाची ही खोड यात्रेतही सुटत नाही.

या विचारात मी उतारावर आले होते. बाटलीतले पाणी चढणीवरच संपले होते. पांबनचे किनारे आता जवळ दिसत होते. पुढे साधारण पन्नास पावलांवर कठड्याच्या सावलीत, म्हणजे हातभर रुंदीच्या सावलीत, एक वृद्ध स्त्री पाय पसरून बसली होती. शेजारी सुक्या मासळीची टोपली. मी जवळ पोहोचले तेव्हा तिने मान वर केली, आणि तिचे डोळे नीट स्थिर होत नाहीत हे मला जाणवले. ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. तिने हात पुढे केला आणि एकच शब्द म्हटला : “तण्णी.”

तमिळमधले मला चारच शब्द येतात. त्यांपैकी हा एक.

मी माझी बाटली काढली आणि उलटी करून दाखविली. हे मी का केले, कोण जाणे. आपण रिकामे आहोत याचा पुरावा देण्याची ती वेळ नव्हती. तिने बाटलीकडे पाहिले नाही. तिचे लक्ष माझ्या पोटाशी धरलेल्या झोळीकडे होते. तेथे काहीतरी जड आणि गोल आहे हे कोणालाही दिसले असते. माझा एक हात पर्समध्ये गेला. किल्ल्यांचा जुडगा बोटांना लागला. घराच्या मोठ्या कुलपाची किल्ली टोकदार आहे. झाळलेल्या जागी जोर देऊन टोचली असती तर भोक पडले असते. हे मला त्या क्षणी नेमके सुचले होते. आणि माझा हात तेथेच थांबला.

तो किती वेळ थांबला? अर्धे मिनिट असेल. तेवढ्यात मागून आलेला एक तरुण मोटारसायकल थांबवून उतरला. त्याने हँडलला अडकविलेल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, वृद्धेच्या मानेमागे हात दिला आणि तिला घोट घोट पाजले. उरलेले पाणी तिच्या माथ्यावर ओतले. तो तिच्याशी चढ्या आवाजात बोलत होता. उन्हात निघाल्याबद्दल रागावत असावा. पाचेक मिनिटांत तिच्या डोळ्यांत ओळख परतली. ती उठली. टोपली डोक्यावर चढवावयाला तिने मला खुणेने बोलाविले, आणि मी दोन्ही हातांनी ती उचलून दिली. ती पांबनच्या दिशेने चालू लागली. तरुणाने आपली गाडी हळूहळू तिच्या मागून नेली. माझ्या दोन्ही तळहातांना मासळीचा उग्र वास लागला होता, आणि गडूवर ओरखडाही नव्हता.

एकाच ओळीचे निरनिराळे पाठ हस्तलिखितांत आढळले, म्हणजे आपण ते शेजारी शेजारी मांडतो आणि त्यांतला अस्सल कोणता याची चिकित्सा करतो. पुलाच्या उरलेल्या उतारावर मी त्या अर्ध्या मिनिटाचे पाठ मांडले.

पहिला पाठ सर्वांत सोयीचा. ते पाणी चौदा वर्षांचे होते. तांब्यात झाळून ठेवलेले पाणी आजारी माणसाला पाजणे योग्य नव्हते. हा पाठ मी स्वतःच त्याज्य ठरविला, कारण तो मला पुलावर नव्हे, पुलावरून उतरल्यानंतर सुचला. प्रत्यक्ष त्या क्षणी पाण्याच्या शुद्धाशुद्धतेचा हा विचार माझ्या मनात नव्हता. शिवाय माथ्यावर ओतावयाला तर कोणतेही पाणी चालले असते.

दुसरा पाठ अधिक विचारार्ह. पाणी माझे नव्हते. नाथांच्या खांद्यावरची कावड नाथांची होती. ती रिती करण्याचा अधिकार त्यांना होता. माझ्या झोळीत आईची चौदा वर्षे होती. दुसऱ्याच्या पुण्याचे दान करणारी मी कोण? या पाठात तथ्य आहे, आणि ते मी आजही नाकारीत नाही. नाथांची कथा शिकविताना कावडीच्या मालकीचा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. कावडीचे ओझे किती, ती किती दिवसांची, तिच्यासाठी मागे घरी कोण वाट पाहत आहे, हे सारे गाळून आपण थेट गाढवापाशी येतो. त्यामुळे नाथांचे कृत्य फार सोपे होऊन बसते. जे ओतले त्याची किंमत ठाऊक नसेल, तर ओतण्याचा अर्थ लागत नाही.

तिसरा पाठ मी बराच वेळ लिहीत नव्हते. ती टोपली. चौदा वर्षे देवांच्या उजव्या हाताला असलेला गडू, आणि सुक्या मासळीची टोपली. सोवळेओवळे मी पाळत नाही, घरात मासळी चालते, आणि नाथांनी जातिभेदाच्या भिंती कशा ओलांडल्या यावर माझा एक निबंधही प्रसिद्ध आहे. तरीही मला प्रामाणिकपणे सांगावयाला हवे, की हात थांबला तेव्हा नजर टोपलीवर होती. तिच्याऐवजी तेथे रेशमी काठाचे लुगडे नेसलेली एखादी यात्रेकरू आजी असती, तर किल्ली बाहेर आली असती का? मला वाटते, कदाचित आली असती. या ‘कदाचित’ने माझा निबंध जितका खोडून काढला, तितका कोणत्याही परीक्षकाने काढला नसता.

पाठचिकित्सेत पुष्कळदा असे होते, की अनेक पाठांपैकी एकच अस्सल असतो असा आपला आग्रह शेवटी सोडावा लागतो. पहिला सोडला तरी उरलेले दोन्ही माझ्या हातात होते, आणि त्या दोघांनी मिळून तो थांबविला.

पांबनपासून रामेश्वरापर्यंत मी बसने गेले. वाटेत मनात तंजावरची छत्रे येत होती. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर अन्नछत्रे आणि धर्मशाळा उभारल्या. दुसऱ्या सरफोजींच्या (राज्यकाल १७९८ ते १८३२) काळातील ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे. वाटेवर तहानलेला भेटणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्याचे कोडे प्रत्येक वाटसरूने आपल्या कावडीतून सोडवावे असे न ठेवता त्यांनी वाटेवरच पाण्याची सोय केली. नाथांच्या कथेला दिलेले हे एक वेगळे उत्तर आहे, असे मला वाटले. पण हेही मला बसच्या खिडकीशी, सावलीत बसल्यावर सुचले.

मंदिरात नेहमीचीच गर्दी होती. बावीस तीर्थांच्या पाण्याने भिजलेले यात्रेकरू त्या प्रख्यात लांब ओवऱ्यांतून ओली पावले उमटवीत चालले होते. येथील पूजेचा अधिकार परंपरेने मूळच्या महाराष्ट्रीय पुरोहित घराण्यांकडे आहे. त्यामुळे गडू घेणाऱ्या गुरुजींनी माझे गाव विचारले, तेव्हा त्यांच्या तमिळ वळणाच्या मराठीने मला घरच्यासारखे वाटले. त्यांनी एका खिळ्याने गडूचे तोंड दोन घावांत फोडले. इतके सोपे होते ते. चौदा वर्षांचे पाणी एका पात्रात गेले, त्यात इतरांचेही पाणी मिसळले, आणि गर्भगृहात अभिषेक झाला तेव्हा त्यातले आईचे कोणते हे ओळखण्याची सोय उरली नव्हती. मी हात जोडले. तळहातांना अजून मासळीचा वास होता. अग्नितीर्थावर स्नान करूनही तो गेला नव्हता.

रात्री आईला फोन केला. काय सांगावे आणि काय गाळावे, हे मी आधी ठरविले होते. प्रत्यक्षात क्रमाने सगळेच सांगत गेले : बस, ऊन, पुलाची चढण, दोन्हीकडचे पाणी, ती बाई. तेथपर्यंत आल्यावर मी थांबले.

“मग? तिला पाणी मिळालं ना?” आईने विचारले.

“मिळालं. एका मुलानं दिलं.”

“बरी आहे ना ती?”

“बरी आहे. चालत गेली.”

मग काही वेळ आई बोलली नाही. नंतर म्हणाली, “मला वाटलं, तू आता म्हणशील, गडू फोडला.”

तिच्या स्वरात दोष नव्हता. दुःखही नव्हते. गोष्ट ऐकताना पुढे काय येणार याचा एखादा अंदाज बांधावा आणि तो चुकावा, एवढेच होते. मी म्हणाले, “आई, पाणी तुझं होतं ना.” त्यावर ती म्हणाली, “हो, माझंच होतं,” आणि मग अभिषेकाविषयी विचारले.

आई सातवी शिकली आहे. नाथांची कावड तिने लहानपणी गावच्या देवळात, कीर्तनात ऐकली. तिने अद्वैत, आचरण, कर्मकांड असे मुद्दे कधी काढले नाहीत. पण तिच्या प्रश्नांचा क्रम मी पुनःपुन्हा तपासून पाहते. आधी पाणी, मग ती बाई, आणि चौदा वर्षे ज्यासाठी थांबली तो अभिषेक सर्वांच्या शेवटी. माझ्या दुसऱ्या पाठाचा आधार असा की ते पाणी आईचे होते. पण ज्याच्या वतीने आपण जपून ठेवतो, त्याचे मन आपण गृहीत धरलेले असते. ते बहुधा आपल्या मनाच्या मापाचेच धरतो.

येथे मला गावबाची आठवण होते. ‘भावार्थरामायण’ लिहिताना युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि नाथांची लेखणी थांबली. पुढचे काम त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केले. परंपरा सांगते, की हा गावबा मंदबुद्धीचा होता, पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिला होता, आणि अनेक शिष्य असताना नाथांनी ते काम त्याच्यावर सोपविले. दुसऱ्याचे अपुरे काम पूर्ण करणे म्हणजे त्याच्या हातची वस्तू जशीच्या तशी पोहोचविणे, अशी माझी समजूत होती. संशोधनाच्या क्षेत्रातही ती रूढ आहे. पूर्वसूरींचे ठेवणे न सांडता पुढे द्यावे, हेच आम्ही शिकलो. पण पोथी पुढे लिहिणाऱ्याला पुढचा शब्द स्वतःच लिहावा लागतो. पूर्वीच्या लेखकाने तेथे काय लिहिले असते हे त्याला नुसते जपून कळत नाही. त्या घरात राहून, तेथले अन्न खाऊन कळते. मी आईच्या घरात वाढले, आणि पुढचा शब्द मला आला नाही. गडू मात्र न सांडता पोहोचला.

यंदा वर्गात ही कथा आली तेव्हा मी फळ्यावर मुद्दे लिहिले नाहीत. विद्यार्थ्यांना विचारले, की कावड दुसऱ्याची असती तर नाथांनी काय करावयाचे? वर्गात बराच गोंधळ झाला. एकाने मालकाची परवानगी घ्यावी असे सुचविले. त्यावर सगळे हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, गाढवानं हे विचारलं नसतं.” तास संपल्याची घंटा झाली. उत्तर मी फळ्यावर लिहिले नाही, कारण मी दिलेले उत्तर त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते सांगण्याचे धैर्य त्या दिवशी झाले नाही. ते येथे लिहिले आहे.

रामेश्वराहून परतताना मी समुद्राकाठची मूठभर वाळू आणली. आईने ती त्याच गडूत ठेवली आहे. खिळ्याने पाडलेल्या भोकावर तिने तुळशीचे पान ठेवले होते. ते वाळले की बदलते. वाळू प्रयागला न्यावयाची आहे. या वेळी तिने चालण्याची अट घातलेली नाही. गडू पुन्हा झाळून घ्यावा का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “नको. उघडाच राहू दे.”